डीएसएल लाइनवर स्वतःचा फायरवॉल सर्व्हर: सोलापुरातल्या छोट्या ऑफिसांसाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कुठल्याही छोट्या कारखान्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. टॅलीचं एक मशीन, बिलिंगचे दोन-तीन संगणक, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, प्रिंटर आणि आल्यागेल्या व्यापाऱ्याला सांगितलेला वायफायचा पासवर्ड. हे सगळं टेलिफोन लाइनवरच्या इंटरनेटच्या (म्हणजे डीएसएलच्या) एकाच मोडेमला लटकलेलं असतं, आणि त्या मोडेमचा अ‍ॅडमिन पासवर्ड बसवून गेलेल्या माणसाने ठेवला तोच असतो. असं ऑफिस सांभाळायचं काम नुकतंच तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

फायरवॉल म्हणजे ऑफिस आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून काय आत-बाहेर जाईल ते ठरवणारं मशीन. तिचं सॉफ्टवेअर बसवणं हा यातला सोपा भाग. नवखा माणूस अडकतो दोन ठिकाणी. पहिलं मोडेममध्ये. दुसरं, सगळं नीट चालू झाल्यावर मालक म्हणतात, "मला घरून टॅली दिसली पाहिजे," तिथे. म्हणून या दोन्हींवर जास्त लिहिलं आहे. तांब्याची लाइन जाऊन तुमच्याकडे फायबर आली असेल तरी बहुतेक पायऱ्या त्याच राहतात, मोडेमच्या जागी ओएनटी, म्हणजे फायबरचा डबा, समजायचं.

मी ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर धरून लिहितो. ते मोफत आहे, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं, २०१५ पासून उपलब्ध आहे आणि बहुतेक काम ब्राउझरमधून होतं. पीएफसेन्स त्याचाच थोरला भाऊ. तुम्हाला ते आवडत असेल तर मेनूची नावं थोडी बदलतील, विचार तोच.

आधी हे जमवा

- ६४ बिटचा जुना डेस्कटॉप किंवा मिनी पीसी. रॅम किमान २ जीबी, पण ४ जीबी असावी. एसएसडी हवीच, लहान चालेल.
- तीन नेटवर्क पोर्ट: एक मोडेमसाठी, एक ऑफिससाठी, एक डीव्हीआर आणि पाहुण्यांच्या वायफायसाठी.
- ८ जीबीचा पेनड्राइव्ह, साधा स्विच, चार-पाच चांगल्या लॅन केबल.
- यूपीएस.
- इंटरनेटचं यूजरनेम आणि पासवर्ड. हा वायफायचा पासवर्ड नव्हे आणि बिल भरायच्या पोर्टलचाही नव्हे. लाइन जोडताना मोडेममध्ये भरलेला पीपीपीओईचा, म्हणजे इंटरनेट देणाऱ्याकडे लॉगिन करायचा पासवर्ड.
- बिलाची प्रत. त्यावरचा ०२१७ चा फोन नंबर आणि ग्राहक क्रमांक तक्रार नोंदवताना पहिल्यांदा विचारतात.

पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो, हा अनुभव ठरलेला. मोडेमच्या पानावर तो ठिपक्यांत दिसतो. इंटरनेट देणाऱ्याच्या ग्राहक केंद्रातून तो रीसेट करून घ्या, आणि तो हातात पडेपर्यंत मोडेमच्या सेटिंगला बोट लावू नका.

१. लाइन धड आहे का ते बघा

लाइनच वाईट असेल तर पुढचे सगळे दोष फायरवॉलच्या माथी येतील. मोडेमच्या स्टेटस पानावर एसएनआर मार्जिन आणि अ‍ॅटेन्युएशन असे दोन आकडे असतात: पहिला गोंगाटातही सिग्नलला किती शिल्लक आहे ते सांगतो, दुसरा तो वाटेत किती क्षीण होतो ते. मार्जिन १० डेसिबलच्या वर असेल तर निश्चिंत राहा. ६ च्या खाली गेलं की लाइन पडत राहणार. अ‍ॅटेन्युएशन जितकं कमी तितकं बरं. ६० च्या पुढे गेलं असेल तर एक्स्चेंज लांब आहे किंवा मधला जोड कुजला आहे.

फोन वाजला की नेट जातं? त्याच लाइनवर कुठेतरी स्प्लिटरशिवाय लावलेला दुसरा फोन आहे. गोडाऊनमध्ये, वॉचमनच्या खोलीत, देवघराच्या भिंतीवर, सगळीकडे शोधा.

२. मशीन निवडताना

नेटवर्क कार्ड इंटेलच्या चिपचं घ्या. फ्रीबीएसडीवर रिअलटेकची कार्डं चालतात, पण भर दुपारी मान टाकतात अशा तक्रारी जुन्या आहेत. यूएसबीला लावायचा लॅन अ‍ॅडॉप्टर या कामाला नकोच. वापरलेली इंटेल कार्डं स्वस्तात मिळतात, नवी पेठेत किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे चौकशी करा.

मोडेमची केबल मदरबोर्डवरच्या पोर्टला न लावता वेगळ्या कार्डाला लावा. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. टेलिफोनच्या तारेवरून आलेला झटका मोडेम जाळतो आणि कधीकधी पुढच्या पोर्टपर्यंत पोचतो. कार्ड जळलं तर बदलता येतं, मदरबोर्ड जळला तर सगळं मशीन गेलं. टेलिफोन लाइनचा सर्ज प्रोटेक्टर मिळतो, तोही लावा.

विजेचा हिशेबही करून ठेवा. जुना डेस्कटॉप सरासरी ५० वॅट घेतो असं धरलं, तर चोवीस तास चालून महिन्याला ३६ युनिट होतात. १० वॅटचा मिनी पीसी साधारण ७ युनिटमध्ये भागवतो. फुकट मिळालेलं मशीन फुकट राहत नाही ते असं.

आणि जागा. पत्र्याच्या शेडमधलं कपाटाचं डोकं ही सगळ्यांची आवडती जागा, पण आपल्याकडचा मे महिना तिथे मशीन शिजवतो. मागांच्या शेडजवळ असाल तर सुताची बारीक धूळ पंख्यात बसते. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा.

३. मोडेम ब्रिज मोडमध्ये टाका

आत्ता तुमचा मोडेम तीन कामं करतो: टेलिफोनच्या तारेवरचा सिग्नल वाचतो, यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडणी करतो, आणि ऑफिसातल्या सगळ्यांना पत्ते वाटतो. आपल्याला त्याच्याकडे पहिलंच काम ठेवायचं आहे. बाकीची दोन फायरवॉल करणार. याला ब्रिज मोड म्हणतात. ही पायरी टाळून मोडेमच्या मागे नुसती फायरवॉल जोडली तरी नेट चालतं, आणि म्हणूनच पुष्कळजण तिथेच थांबतात. मग पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसात यायची सुरक्षित वाट) जुळत नाही, आणि बाहेरच्या जगाकडे तोंड करून उभा असतो तो मोडेमच, जुन्या फर्मवेअरचा आणि ठरावीक पासवर्डचा.

क्रम असा ठेवा:

ओपीएनसेन्सची फाइल आधी उतरवून घ्या, कारण पुढे काही काळ नेट नसेल. मोडेमच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मग इंटरनेट सेटिंगमध्ये पीपीपीओईच्या जागी ब्रिज निवडा. व्हीपीआय आणि व्हीसीआय आहेत तेच ठेवा. बीएसएनएलच्या एडीएसएलला ते ० आणि ३५ असतात. व्हीडीएसएल किंवा फायबर असेल तर तिथे व्हीलॅन क्रमांक दिसेल, तो लिहून घ्या. शेवटी मोडेमचा वायफाय आणि डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा.

आता लगेच फायरवॉल जोडू नका. विंडोजचा एक लॅपटॉप थेट मोडेमला लावा, नेटवर्क सेटिंगमधून नवं ब्रॉडबँड कनेक्शन तयार करा आणि यूजरनेम-पासवर्ड देऊन डायल करा. लागलं तर मोडेम, लाइन आणि पासवर्ड तिन्ही ठीक आहेत. नाही लागलं तर दोष या तिघांतच आहे. एवढ्या एका तपासणीने पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. लॅपटॉप या वेळी थेट इंटरनेटवर उघडा असतो, तेव्हा विंडोजची फायरवॉल चालू आणि नेटवर्क पब्लिक ठेवा, आणि खात्री झाली की लगेच काढा.

बरोबर पासवर्ड देऊनही नकार आला, तर घाबरू नका. वीज गेल्यावर किंवा केबल ओढल्यावर जुनी जोडणी पलीकडच्या सर्व्हरवर काही मिनिटं जिवंत राहते आणि तो दुसरी देत नाही. मोडेम बंद करून चहा पिऊन या. एकामागून एक डायल करत बसलात तर वेळ वाढतोच.

४. ओपीएनसेन्स बसवा

साध्या मॉनिटरवर बसवायचं असेल तर व्हीजीए नावाची प्रत उतरवायची. ती दाबलेली असते, आधी उघडायची आणि मग रूफस किंवा बलेना एचरने पेनड्राइव्हवर लिहायची. त्यावरून मशीन सुरू झालं की लॉगिन विचारतं. इथे रूट म्हणून आत गेलात तर पेनड्राइव्हवरूनच चाललेली तात्पुरती फायरवॉल मिळते आणि मशीन बंद करताच सगळं पुसलं जातं. डिस्कवर बसवायला यूजरनेम इन्स्टॉलर आणि पासवर्ड ओपीएनसेन्स द्यायचा, दोन्ही इंग्रजी छोट्या लिपीत.

डिस्कचा प्रकार विचारला की झेडएफएस घ्या. अचानक वीज गेली तर ते जास्त तग धरतं. जुन्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार, हे आधी मालकांना विचारून घ्या. त्या 'निकामी' मशीनमध्ये एखाद्या जुन्या वर्षाचे हिशेब पडलेले असू शकतात.

नंतर पोर्टची वाटणी येते. नावं ईएम०, आयजीबी१ अशी दिसतात आणि कुठलं भोक कुठलं ते कळत नाही. सगळ्या केबल काढा, विचारेल तेव्हा एकच लावा, ते स्वतः ओळखतं. ओळखलं की त्या पोर्टवर मार्करने लिहा: मोडेम, ऑफिस, पाहुणे.

एक सापळा इथेच आहे. ओपीएनसेन्सचा आतला पत्ता सुरुवातीला १९२.१६८.१.१ असतो, आणि बहुतेक मोडेमचाही तोच. भांडण नको म्हणून आतला पत्ता १९२.१६८.५०.१ करून टाका. व्हीपीएनच्या वेळीही हे उपयोगी पडतं, कारण मालकांच्या घरच्या राउटरचे पत्तेही बहुधा १९२.१६८.१ नेच सुरू होत असतात. आणि हो, टाइप करताना आकडे इंग्रजी कळांचेच.

५. जोडणी आणि १४९२ चा आकडा

ऑफिसच्या पोर्टला जोडलेल्या संगणकावरून ब्राउझरमध्ये फायरवॉलचा पत्ता उघडा. सर्टिफिकेटबद्दल इशारा येईल, पहिल्या वेळी ते स्वाभाविक आहे. विझार्डमध्ये रूटचा पासवर्ड बदला, टाइमझोन एशिया कोलकाता निवडा, वॅनचा, म्हणजे मोडेमकडच्या पोर्टचा, प्रकार पीपीपीओई करा आणि यूजरनेम-पासवर्ड भरा.

यानंतर काही ऑफिसांत विचित्र प्रकार होतो: गूगल उघडतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण एखाद्या बँकेचं किंवा सरकारी पान अर्धवट येऊन लटकतं. लोक त्या वेबसाइटला शिव्या देतात. खरं कारण असं, की साध्या लॅनवर एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात, पण पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, राहिले १४९२. मोठं पॅकेट वाटेत अडलं आणि 'लहान कर' हा निरोप मध्येच कुणी गिळला, की पान लटकतं. ओपीएनसेन्स हे सहसा आपोआप सांभाळतं. तरीही झालं, तर वॅनच्या पानावर एमएसएस या रकान्यात १४९२ भरा. इंटरनेटवर १४५२ लिहिलेलं सापडेल, आणि तेही खरं आहे, पण इथला रकाना हेडरचे ४० स्वतःच वजा करतो. तुम्ही १४५२ भरलंत तर दोनदा वजा होईल.

६. बाहेरचा पत्ता वाचायला शिका

डॅशबोर्डवर वॅनचा पत्ता दिसतो. त्यावरून पुष्कळ कळतं.

१९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर बहुधा मोडेम ब्रिजमध्ये गेलेलाच नाही; तिसऱ्या पायरीकडे परत. १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर इंटरनेट देणाऱ्याने एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. रोजच्या कामाला त्याने काही बिघडत नाही, पण बाहेरून तुमच्या ऑफिसात थेट येता येणार नाही. त्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, मागावा लागतो, त्याचे वेगळे पैसे पडतात. व्हीपीएनचं आश्वासन मालकांना देण्याआधी हे बघा.

७. ऑफिस एकीकडे, डीव्हीआर आणि पाहुणे दुसरीकडे

जुना वायफाय राउटर फेकू नका. त्याचा डीएचसीपी बंद करा, पत्ता बदला आणि केबल त्याच्या वॅन पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावा. तो आता नुसता वायफाय देणारा डबा झाला. पाहुण्यांचा वायफाय आणि डीव्हीआर तिसऱ्या पोर्टवर घ्या, त्याला १९२.१६८.६०.१ असा वेगळा पत्ता द्या आणि त्या बाजूसाठी डीएचसीपी चालू करा.

तिसऱ्या पोर्टवर पत्ता मिळतो पण नेट चालत नाही, ही नवख्यांची हमखास तक्रार. ओपीएनसेन्स लॅनला, म्हणजे ऑफिसच्या पोर्टला, बाहेर जायची मुभा आपणहून देतं, पण नंतर जोडलेल्या पोर्टला काहीच देत नाही. तिथे रूल लिहावे लागतात, तेही क्रमाने, कारण वरून खाली वाचताना जो पहिला जुळेल तोच लागतो:

- फायरवॉललाच डीएनएस (वेबसाइटच्या नावाचा पत्ता) विचारू द्या, म्हणजे पोर्ट ५३.
- फायरवॉलचं बाकी सगळं, विशेषतः तिचं लॉगिनचं पान, बंद.
- लॅनकडे जाणारं सगळं बंद.
- उरलेलं सगळं चालू.

शेवटचा रूल वर गेला तर बाकीचे तिन्ही निरर्थक. रूल झाल्यावर पाहुण्यांच्या वायफायवरून टॅलीच्या मशीनला पिंग करून बघा. उत्तर यायला नको.

डीव्हीआरला एवढं वाळीत का टाकायचं? २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर फक्त कंपनीचे ठरलेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते. तुमच्या डीव्हीआरचा पासवर्ड काय आहे, आत्ता जाऊन बघा. हा डबा टॅलीच्या शेजारी बसवणं मला पटत नाही.

८. अपलोडला वेसण

डीएसएलवरची ही सगळ्यात फायद्याची पायरी, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारीही. एडीएसएल२+ कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत डाउनलोड देतं, अपलोड मात्र जेमतेम एक-सव्वा. कुणाच्या मोबाइलने लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की ती अरुंद वाट भरते, आणि डाउनलोड मोकळं असूनही सगळ्या ऑफिसचं नेट रांगतं, कारण डाउनलोडच्या पोचपावत्यासुद्धा त्याच वाटेने जातात.

रांग मोडेमच्या आत लागली की तिच्यावर तुमचा ताबा नसतो. म्हणून ती फायरवॉलमध्ये आणायची. ऑफिस रिकामं असताना अपलोड मोजा. समजा ९०० केबीपीएस आलं. फायरवॉलच्या शेपरमध्ये (वेग आवरणाऱ्या भागात) ८०० चा पाइप करा, शेड्युलर म्हणून फ्लोक्यू कोडेल निवडा, आणि वॅनवरून बाहेर जाणारं सगळं त्या पाइपमध्ये घालणारा रूल लिहा. डाउनलोडलाही तसाच वेगळा पाइप करता येतो. मग मुद्दाम एक मोठी फाइल चढवत ठेवून शेजारून पिंग चालवा. आधी अर्ध्या-एक सेकंदावर जाणारा पिंग आता जागेवर राहिला पाहिजे. शंभर केबीपीएस सोडल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

९. "घरून टॅली दिसली पाहिजे"

फायरवॉल मुळात बाहेरून येणारं सगळं अडवते. आता मालक, सीए, कॅमेरावाला असे एकेक जण येऊन सांगतील, "फक्त एक पोर्ट उघडून द्या." रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, डीव्हीआरचा अमुक, कुणाचा तमुक. नाही म्हणा. उघडा ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. 'कुणाला माझा पत्ता ठाऊक आहे?' या समजुतीला अर्थ नाही. नंबर बदलून ५०००० च्या घरात नेला तरी तो सापडतोच.

नाही म्हटल्यावर पर्याय द्यावा लागतो, आणि तो आहे: वायरगार्ड व्हीपीएन. ओपीएनसेन्समध्ये ते आहेच. फायरवॉलवर एक किल्ली, मालकांच्या लॅपटॉपवर दुसरी, आणि बाहेर एकच यूडीपी पोर्ट उघडा, साधारणपणे ५१८२०. बरोबर किल्लीशिवाय आलेल्याला हा पोर्ट उत्तरच देत नाही, त्यामुळे तिथे काही आहे हेही कळत नाही. बाहेरचा पत्ता रोज बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारं, प्लगइन जोडा. प्रत्येक माणसाला वेगळी किल्ली द्या. माणूस नोकरी सोडून गेला की त्याची तेवढी काढता येते. त्या किल्लीने कुठल्या मशीनपर्यंत जाता येईल, हेही रूलमध्ये बांधून ठेवा. सीएंना डीव्हीआर दिसायचं कारण नाही.

टॅलीचा डेटा फोल्डर व्हीपीएनवरून शेअर करून उघडायचा प्रयत्न करू नका. एक एमबीपीएसच्या वाटेवर ते रखडतं, आणि मध्येच लाइन तुटली तर डेटा बिघडायची भीती. व्हीपीएन लावायचं, आणि त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनवर काम करायचं. मग लाइनवरून फक्त पडद्याचं चित्र येतं.

सगळं झाल्यावर तपासणी बाहेरून करा: मोबाइलचा वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, आणि तिथून ऑफिसच्या पत्त्यावर पोर्ट तपासा. आतून तपासलेलं फसवं असतं.

मालकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. ईमेलमधून आलेली खोटी इन्व्हॉइस कुणी उघडली, तर ही फायरवॉल तिला अडवणार नाही. एन्क्रिप्टेड जोडणीच्या आत काय चाललंय ते तिला दिसत नाही. टॅलीचा बॅकअप रोज वेगळ्या डिस्कवर घ्यायचा आणि ती डिस्क काढून ठेवायची, हे काम तसंच राहतं.

१०. वीज, लॉग आणि कागद

यूपीएसवर फायरवॉल, मोडेम आणि स्विच तिन्ही घ्या. एकट्या फायरवॉलला दिला तर काही उपयोग नाही. बायोसमध्ये वीज परत आली की मशीन आपोआप चालू व्हावं अशी सेटिंग असते, ती लावा. नाहीतर रविवारी वीज गेली-आली की सोमवारी सकाळी तुम्हालाच फोन.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग (यंत्रणेच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळती ठेवायची आणि ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायच्या असतात. म्हणून एनटीपी (वेळ सांगणारे) सर्व्हर तसे भरा, आणि लॉग दुसऱ्या एखाद्या मशीनवर पाठवायची सोय करा. सुरिकाटासारखी हल्ले ओळखणारी साधनं सुरुवातीला चालू करू नका. रोज शेकडो इशारे येतील आणि आठवड्यात तुम्ही ते बघणं सोडाल.

ओपीएनसेन्सची मोठी आवृत्ती दर जानेवारीत आणि जुलैत येते, मधली लहान अपडेट वेगळी. अपडेट शनिवारी संध्याकाळी, पगाराच्या किंवा जीएसटी भरायच्या दिवशी कधीच नाही. त्याआधी कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाइल उतरवून घ्या. मशीन मेलं तरी दुसऱ्या मशीनवर ती फाइल चढवून, पोर्टची वाटणी जुळवून, त्याच दिवशी ऑफिस चालू होतं. ती फाइल मेलवर ठेवायची तर पासवर्डने बंद करून, कारण पीपीपीओईपासून व्हीपीएनच्या किल्ल्यांपर्यंत सगळं तिच्यात असतं.

प्रत्येक रूलच्या वर्णनात कुणी मागितला, कशासाठी आणि कधीपर्यंत हे लिहा. शेवटी मशीनच्या बाजूला एक कागद चिकटवा: कुठली केबल कुठे, फायरवॉलचा पत्ता, लाइनचा नंबर, तक्रारीचा फोन, बंद-चालू करायचा क्रम, म्हणजे आधी मोडेम, दोन मिनिटांनी फायरवॉल. पासवर्ड त्या कागदावर नको. तो पाकिटात बंद करून मालकांच्या तिजोरीत ठेवायला द्या.